उपासाच्या फळीवरचा डबा

शेंगदाण्यात भरपूर प्रोटीन असतं, हे मला माझ्या नणंदेनं माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं. एका हातात काचेची चकचकीत बरणी, दुसऱ्या हातात चमचा, आणि आवाज असा, जणू ती बातमी मुंबईहून आत्ताच निघाली होती आणि इथे कोकणात, जामसंड्याला पोचणारी पहिली बाई तीच.

"वहिनी, हे पीनट बटर. आईला रोज दोन चमचे द्यायचे. शेंगदाणा म्हणजे सुपरफूड आहे. तुला माहितीय का, त्यातलं फॅट हृदयाला चांगलं असतं?"

मला माहितीय का! मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. पण ते राहू दे बाजूला. माझा जन्म सांगलीकडच्या एका गावातला, जिथे भुईमुगाच्या शेंगा अंगणात वाळत पडलेल्या असायच्या आणि आम्ही शाळेतून येताना मुठी भरून घ्यायचो. भाकरीवर शेंगदाण्याची चटणी, भाजीत कूट, आमटीत कूट, गुळाबरोबर दाणे. माझी आई दिवसभर शेतात वाकायची ती ह्याच खाण्यावर. लग्न होऊन मी या घरात आले आणि तीस-पस्तीस वर्षं ज्या पदार्थासाठी मला "घाटी" म्हणून हिणवलं गेलं, तोच पदार्थ आता झाकण लावून, लेबल चिकटवून, इंग्रजी नाव घेऊन परत आला होता. आणि त्याचे फायदे मलाच समजावून सांगितले जात होते! तळपायाची आग मस्तकात गेली. मी तो गिळला, कारण आतल्या खोलीत सासूबाई झोपल्या होत्या आणि त्यांच्यासाठी चाललेली ही सगळी धडपड खरीच होती. पण राग गिळला म्हणजे तो पचतो असं नाही.

हे "घाटी" प्रकरण सांगितलंच पाहिजे, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी काकडीची कोशिंबीर केली होती. आईनं लग्नात बरोबर दिलेला पितळेचा डबा भरून कूट होतं, खरपूस भाजलेलं, हलक्या हातानं कुटलेलं. माहेरी करतात तशी काकडी विळीवर बारीक चोचवली, कूट घातलं, वरून जिऱ्याची फोडणी. पानात वाढली. सासूबाईंनी बोटाच्या टोकानं थोडी उचलली, जिभेवर ठेवली आणि ताट थोडंसं पुढे सरकवलं.

"ह्यां काय घातलंस गो? काकडेक खोबरां घालतत. असलां घाटी खाणां आमच्याकडे नको."

पानावर बसलेले सगळे हसले. नणंद तेव्हा कॉलेजात होती, ती सगळ्यात मोठ्यानं हसली. माझा नवरा ताटाकडे बघत राहिला. नंतर तो आयुष्यभर असाच ताटाकडे बघत राहिला, पण तो विषय वेगळा. सासूबाईंनी माझा डबा उचलला, स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "उपासाक होतलां. थंय वर ठेव."

त्या फळीवर साबुदाणा, वरीचे तांदूळ, राजगिरा आणि सैंधव मीठ असायचं. रोजच्या वापराचं काहीही तिथे नसे. माझा पितळेचा डबा साबुदाण्याच्या शेजारी जाऊन बसला आणि बसलाच. सोमवार, संकष्टी, एकादशी आली की मी स्टुलावर चढायची, डबा खाली काढायची, खिचडी करायची, दाण्याची आमटी करायची आणि परत स्टुलावर चढून डबा वर ठेवायची. आणि गंमत बघा, उपासाच्या दिवशी हेच सगळे लोक माझ्या दाण्याच्या आमटीची वाटी दोनदा पुढे करायचे! सासूबाई तर आमसूल घातलेली ती आमटी वरीच्या तांदळावर घेऊन शेवटी बोटं चाटायच्या. दुसऱ्या दिवशी मात्र दाणा पुन्हा घाटी. उपासाला चालतो म्हणून दाणा पवित्र आणि मंगळवारी भाजीत पडला की गावंढळ, हे गणित मला कोणत्याही विज्ञानाच्या पुस्तकात सापडलं नाही.

मला नारळाचा राग नाही, हे आधीच सांगते. मी खोबरं खोवायला शिकले, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप करायला शिकले, सोलकढी अशी करते की इथल्या बायका कृती विचारतात. मला राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. खोबरं भाजून, तेल सुटेपर्यंत बारीक वाटलं की त्याला वाटप म्हणतात आणि ते घराण्याचं वैभव. दाणा भाजून, तेल सुटेपर्यंत बारीक वाटला की तो माझ्या माहेरचा अडाणीपणा. काम तेच, मेहनत तीच, पाटा तोच. फक्त एक झाडावर लागतं आणि एक मातीत.

असो. गोष्ट सासूबाईंची आहे.

गेल्या पावसाळ्यात त्यांना तापानं गाठलं. साधा ताप म्हणून घरी काढले काही दिवस, मग हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिथून आणलं तेव्हा त्यांना उचलून गाडीतून उतरवावं लागलं. ज्या बाईनं आंब्याच्या मोसमात पेट्या भरणाऱ्या बायकांवर उभ्यानं देखरेख केली, ती बाई उशीला टेकवून बसवली तरी एका बाजूला कलायची. दातांची कवळी सैल झाली होती. मासे काट्यांमुळे नकोसे झाले, भाकरी चावेना, भात घशात अडकतो म्हणून नको. उकड्या तांदळाची पेज तेवढी दोन-चार घोट जायची, आणि नुसत्या पेजेवर माणूस किती दिवस काढणार? मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तेव्हा मला धडकी भरली.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. "औषधाचं काम संपलंय. आता पोटात गेलं पाहिजे. प्रोटीन द्या, थोडं स्निग्ध द्या, थोड्या थोड्या वेळानं द्या. नाही तर ह्या अंथरुणातून उठणार नाहीत."

प्रोटीनची पावडर आणली. सासूबाईंनी एक घोट घेऊन तोंड फिरवलं, "चुन्याचां पाणी दिलंस." चुन्याचं पाणी! मुगाचं कढण केलं, ते दोनदा घेतलं आणि तिसऱ्यांदा ओकल्या. अंडं म्हटलं की सोमवार आठवायचा, मंगळवार आठवायचा, कुठला ना कुठला वार आठवायचाच. त्यातून आणखी एक दुःख त्यांना आतून पोखरत होतं. हॉस्पिटलात असताना त्यांचे उपास चुकले होते. लग्नाआधीपासून न चुकलेले उपास. पडल्या पडल्या त्या छताकडे बघत म्हणायच्या, "माझी एकादशी चुकली गो. संकष्ट चुकला. सोमवार तर सगळेच गेले. देवाक मी काय सांगू?"

अशा वेळी नणंद ती बरणी घेऊन आली.

तिचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. आईसाठी जीव तुटत होता तिचा. पण जीव तुटला म्हणून अक्कल गहाण ठेवायची का? मी डाळीला फोडणी देत होते तेवढ्यात तिनं बरणीतून चमचा भरून तो घट्ट गोळा सरळ आईच्या तोंडात घातला.

"आये, गिळ. औषध समज."

पीनट बटर कधी नुसतं खाऊन बघितलंय? धडधाकट माणसाच्याही टाळ्याला चिकटतं ते. इथे तर अशक्त, कवळी सैल झालेली, घोटभर पाणी घेतानाही ठसका लागणारी म्हातारी. सासूबाईंचे डोळे मोठे झाले. हात हवेत फिरायला लागले. मी धावत गेले, त्यांना पुढे वाकवलं, बोट घालून तो चिकट गोळा टाळ्यावरून ओढून काढला, पाठ चोळली. श्वास पुन्हा सरळ लागेपर्यंत मी त्यांना सोडलं नाही. नणंद भिंतीला टेकून रडत होती. आणि सासूबाईंनी पहिला शब्द काढला तो असा:

"माका मारूक आणलंस काय गो ह्यां?"

त्यानंतर त्यांनी तोंडच मिटून घेतलं. पेजसुद्धा नको. चमचा दिसला की ओठ घट्ट. नणंदेची रजा संपली, ती डोळे पुसत मुंबईला गेली आणि जाताना मला सांगून गेली, "वहिनी, बरणी आहे. दुधातून देऊन बघ." बरणी आहे! म्हणजे आईला घाबरवून ठेवलं तिनं आणि आता तोंड उघडायला लावायचं मी.

ती गेल्यावर मी बरणीवरचं लेबल चष्मा लावून वाचलं. शेंगदाणे होते, हो. पण त्यांच्यामागे साखर उभी होती, पाम तेल उभं होतं, मीठ होतं आणि कसलंतरी घट्ट ठेवणारं चूर्ण. पुढच्या बाजूला मात्र व्यायामशाळेतल्या पिळदार दंडाचं चित्र. दाण्यात मुळातच जे निम्मं तेल आहे, त्याला बाहेरचं तेल लागतंच कशाला? माझ्या आईच्या डब्याला ज्यांनी नाक मुरडलं, त्यांनी साखर-तेल मिसळलेला दाणा पैसे मोजून घरी आणला. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मी स्टुलावर चढले आणि पितळेचा डबा खाली काढला.

दाणे माझा भाऊ एसटीच्या पार्सलनं पाठवतो. कोकणातल्या दमट हवेत दाणा फार लवकर मऊ पडतो, खवट होतो, कधी बुरशी धरतो, म्हणून मी आधी परातीत पसरून एकेक निवडते. काळपट, सुरकुतलेला, कडवट वास येणारा दाणा फेकून द्यायचा, त्यात काटकसर करायची नाही, बुरशीचा दाणा पोटाला अपाय करतो. मग लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचे. घाई केली की वरून काळे आणि आतून कच्चे. साल तडकायला लागली, घरभर वास सुटला की उतरवायचे, कोमट असतानाच चोळायचे आणि सुपात पाखडायचे. दाणे मिक्सरमध्ये घातले की आधी कूट होतं. तिथेच थांबलं तर ते आमचं रोजचं कूट. थांबायचं नाही. भांडं उघडून कडा खरवडायच्या, पुन्हा फिरवायचं. मग ते गोळा होऊन बसतं, हट्टी पोरासारखं, पातं नुसतंच फिरतं आणि वाटतं बिघडलं. तेव्हा मिक्सरला जरा विश्रांती द्यायची आणि परत फिरवायचं. एकदम तो गोळा सैल होतो, चकाकतो, दाण्याचं स्वतःचं तेल सुटतं आणि चमच्यावरून धार लागते. हेच तुमचं पीनट बटर. दुसरं काहीही नाही त्यात. साखर नाही, पाम तेल नाही, पिळदार दंड नाही.

ते घट्ट द्यायचंच नव्हतं मला. वरीच्या तांदळाची अगदी पातळ पेज केली, त्यात नारळाचा रस घातला, चमचाभर दाण्याचं ते लोणी घोळून घोळून विरघळवलं, किंचित मीठ, किंचित गूळ. दुधासारखी सरसरीत झाली. वाटी घेऊन मी खाटेशी गेले.

सासूबाईंनी वास घेतला. वास ओळखीचा होता. ओठ उघडतील असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "आज वार कसलो?"

"बुधवार."

"मग उपास खंय आसा? उपास नाय तर दाणे कित्याक?"

आणि तोंड मिटलं!

मी वाटी आपटलीच. खोटं कशाला सांगू. ही बाई मरायला टेकली आहे, हाडं वर आली आहेत, आणि हिला अजून फळीची पडली आहे! कुठला दाणा कुठल्या दिवशी! मी स्वयंपाकघरात येऊन मोरीवर हात टेकून उभी राहिले. नवरा दारात येऊन म्हणाला, "तिची तऱ्हा तुका म्हायत आसा." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो आल्या पावली परत गेला.

मोरीत पाणी वाहत होतं आणि मला तिथेच सुचलं. नळ तसाच सोडून मी पुन्हा आत गेले.

"आई, तुमची चुकलेली एकादशी आज फेडायची."

त्यांनी मान वळवली. कितीतरी दिवसांनी डोळ्यांत काहीतरी हललं.

"बुधवारी एकादशी? असां चलता?"

"का नाही? हॉस्पिटलात तुमचं अंग तुमच्या ताब्यात नव्हतं. आता आहे. राहिलेलं काम सवडीनं पुरं करायचं. देव काय कॅलेंडर हातात धरून बसलाय?"

"देवाक सगळां दिसता."

"मग तुम्ही आजारी होता हेही दिसलं असेल."

मी वाटी हलवत उभी. शेवटी त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, पुटपुटून देवाला काहीतरी सांगितलं आणि तोंड उघडलं. अर्धी वाटी गेली. मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि बाहेर येऊन माझं पुसलं.

तेव्हापासून आमच्या घरात रोज उपास सुरू झाला. आज राहिलेली संकष्टी, उद्या राहिलेला सोमवार. किती चुकले होते हे नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे संपण्याची भीती नव्हती. उपासाचं म्हणून काय काय चालतं याची मी मनातल्या मनात उजळणी केली आणि एकेक बाहेर काढलं. सकाळी वरीची पेज, त्यात दाण्याचं लोणी. दुपारी रताळं उकडून, दुधात कुस्करून, वर तेच पातळ करून. चार वाजता दाणे, गूळ आणि राजगिऱ्याच्या पिठाचा पिळपिळीत मऊ लाडू, बोटानं मोडून दुधात कालवलेला. संध्याकाळी आमसुलाची पातळ दाण्याची आमटी. कधी पिकलं केळं कुस्करून त्यात. प्रोटीन गेलं, स्निग्ध गेलं, मॅग्नेशियम गेलं, ई जीवनसत्त्व गेलं. शाळेत फळ्यावर मी जे जे लिहीत होते ते सगळं त्या वाटीतून घोट घोट आत गेलं. आणि सासूबाईंच्या हिशेबानं तो उपास होता.

डॉक्टर तपासायला आले तेव्हा सासूबाईंनीच त्यांना अभिमानानं सांगितलं की रोज उपास चालू आहे. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या बाई ना? ह्या अवस्थेत उपास?" मी त्यांना दाराबाहेर घेऊन गेले आणि उपासात काय काय असतं ते सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "मग मीपण धरतो हा उपास." माझी बाजू समजणारा तो पहिला माणूस.

पण शेजारच्या बाईला कुणी समजावलं नव्हतं. तिनं खिडकीतून ऐकलं ते एवढंच, की आजारी म्हातारीला सून रोज उपास करायला लावते. त्याच दिवशी मुंबईला फोन गेला असणार, कारण दुपारी नणंदेचा आला.

"वहिनी, तू आईला उपाशी ठेवतेस?"

नमस्कार नाही, कशी आहेस नाही. मी फोन कानापासून लांब धरला. ती बोलतच होती. म्हातारं माणूस कुणाला नकोसं झालंय, घरातली माणसं बघतात काय, आजच्या काळात असले प्रकार, लोक काय म्हणतील. मी उत्तर देणार होते. इतक्या वर्षांचं सगळं उत्तर तोंडाशी आलं होतं, काकडीपासूनचं. मग मी फोनचा स्पीकर लावला आणि सासूबाईंच्या तोंडाशी धरला.

"आये, तू उपास करतंस?"

"करतंय तर!" सासूबाईंचा आवाज बारीक होता पण ठणठणीत. "सकाळी पेज, मगे रताळां, मगे लाडू, मगे आमटी. पोट फुटाची पाळी इली. असो उपास माका जल्मात घडाक नाय!"

मग नणंद म्हणाली, "मी येते शनिवारी." आणि फोन ठेवला. माझी माफी मागायचं तिला सुचलं नाही.

शनिवारी ती आली तेव्हा तिची आई पडवीत खुर्चीवर बसली होती. एका बाजूला न कलता, सरळ. बांगड्या मनगटावर परत आल्या होत्या. नणंदेनं पिशवी तिथेच टाकली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. ते खरं रडणं होतं आणि त्या वेळी मला तिचा राग आला नाही. पण नंतर स्वयंपाकघरात येऊन तिनं माझ्या भांड्यात बोट बुडवलं, चाटलं आणि भुवया उंचावून विचारलं, "वहिनी, हे कुठल्या कंपनीचं?"

"माझ्या माहेरच्या," मी म्हटलं.

तिला ते कळलं की नाही कोण जाणे. निघताना तिनं स्वतःची बरणी रिकामी करून, धुऊन माझ्यापुढे धरली. "ह्यात थोडं भरून दे ना. मुलांना दाखवते. आणि गूळ घालू नकोस हां, हल्ली गोड बंद केलंय आम्ही." मी भरून दिलं. काठोकाठ. लेबलसुद्धा तसंच ठेवलं, दंडाचं चित्र आणि साखर, पाम तेल सगळं. शेजारणीला ती फाटकातून ओरडून सांगत होती, "पीनट बटरनं उठली हो आई! मी मुंबईहून आणलं होतं ना!" मी घरात उभी राहून ऐकत होते. एवढं टाळ्याला चिकटवून, एवढं रडून, श्रेय शेवटी बरणीलाच!

पुढच्याच बुधवारी घरात बांगडे आले. आदल्या दिवशी सासूबाईंनी जाहीर केलं होतं की चुकलेले सगळे उपास त्यांच्या अंदाजानं पुरे झाले, देवाला तसं सांगूनही टाकलं. त्यामुळे मी साराचं वाटप वाटायला घेतलं होतं. मागे खुरडल्यासारखा आवाज झाला म्हणून वळले, तर सासूबाई. वॉकर धरून, एकेक पाऊल टाकत, आजारानंतर पहिल्यांदा स्वयंपाकघरात. मी हात द्यायला धावले, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. स्वतः खुर्चीवर बसल्या, धाप जिरवली आणि चारी बाजूंनी नजर फिरवली. डब्यांवर, गॅसवर, खोबऱ्याच्या करवंटीवर. मग वर, उपासाच्या फळीवर.

"तो तुझो डबो खाली काढ."

"आई, आज उपास नाही."

"माका म्हायत आसा. काढ."

मी स्टूल ओढलं, चढले, डबा काढला. नेहमीप्रमाणे झाकण उघडणार होते.

"उघडू नको. हय ठेव." त्यांनी बोट केलं ते ओट्यावर, खोवणीच्या शेजारी. रोजच्या जागी. "रोज रोज स्टुलार चढतंस. एक दिवस पडशीत. आणि मगे माका कोण बघतला?"

तुम्हीच सांगा, ह्याला काय म्हणायचं? माफी नाही, कौतुकाचा शब्द नाही. इतकी वर्षं त्या फळीवर माझं माहेर चढवून ठेवलं आणि उतरवलं ते स्वतःची सेवा चुकू नये म्हणून! मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. का रागच होता तो, मला नीट सांगता येत नाही. मी डबा खोवणीशेजारी ठेवला, जरा जोरातच ठेवला, आणि स्टूल उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवलं.

परत आले ती मुद्दामच खोचून बोलले. "बांगड्याच्या सारात घालू का मग थोडं कूट?"

"माशाक खोबरांच," सासूबाई तडक म्हणाल्या. वॉकरच्या दांड्यावर त्यांची बोटं वाजत होती. माझ्याकडे न बघता, खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, "घरात काकडी आसा काय गो?"

"आहे."

"तेका घाल."

मी टोपलीतून काकडी घेतली, पाटावर बसले आणि चोचवायला लागले. विळी नीट दिसत नव्हती.